चहाची दहा मिनिटं

अच्युत देशकर वकील म्हणून कसे होते, हे रायपूरच्या तात्यापाऱ्यात कुणालाही विचारा. कायदा बेताचाच, पण तारीख घेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बाजू लंगडी पडली की हा माणूस नेमका दुसऱ्या कोर्टात असायचा. न्यायाधीश वैतागून पुढची तारीख द्यायचे. पुरानी बस्तीतल्या त्यांच्या अशील गोदावरीबाईंच्या गल्लीतली बावीस घरं त्यांनी अशीच अकरा वर्षं रस्ता रुंदीकरणातून वाचवली. त्या गल्लीनेच त्यांना खांद्यावर घेऊन आमदार केलं.

ते निवडून येताच कोर्टाची स्थगिती उठली. मग त्यांनी पहिल्याच अधिवेशनात प्रश्न लावला, त्या दिवसाच्या यादीत सात नंबरचा. मंत्र्यांना भर सभागृहात कोंडीत पकडून घरं न पाडण्याचा शब्द घ्यायचा, एवढाच आता मार्ग उरला होता. गोदावरीबाईंसाठी त्यांनी गॅलरीचा पासही काढला.

नवा रायपूरला, विधानसभेच्या दारातच त्यांच्याच सत्ताधारी पक्षाचे भैय्यालालजी आडवे आले. "वकील साहब, मंत्रीजी की तैयारी नहीं है. दस मिनट हमारे साथ चाय पी लीजिए. सवाल कहीं भागा थोड़े जा रहा है?"

अच्युतराव थबकले. नाही म्हणावं तर पक्षात पहिल्याच पावलाला वैर. पण लगेच जुनी वाट आठवली: आज गैरहजर, उद्या तारीख! अकरा वर्षं दुसरं काय केलं होतं? आणि शहाणा माणूस कॅन्टीनमध्ये जाऊन बसला.

तिथे भिंतीवरच्या स्पीकरमधून सभागृहातला आवाज येत होता. प्रश्न चार झाला. पाच झाला. सहाव्याला अच्युतराव उठलेच, तर भैय्यालालजींनी हात धरून बसवलं.

"प्रश्न सात. श्री अच्युत देशकर." पुन्हा तेच नाव. मग, "प्रश्न आठ."

"उद्या लागेल ना?" त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या अनंतरावांना विचारलं. अनंतराव चौथ्यांदा निवडून आलेले.

"काहून लागेल? हे कोर्ट नाही, देशकर. मेंबर नाही, तर प्रश्न खतम. लेखी उत्तर छापून देऊन राहिले, वाचून घ्या."

उत्तर दीड ओळीचं होतं. रुंदीकरणाचं काम सोमवारपासून सुरू होईल. अच्युतरावांना स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. भैय्यालालजी केव्हाच उठून गेले होते.

बाहेर पायऱ्यांवर गोदावरीबाई धापा टाकत आल्या आणि त्यांनी अच्युतरावांचा हातच धरला.

"वकीलसाहेब! दोनदा नाव घेतलं, तुमी नाही! मले वाटलं, तुमाले काही झालं. बीपी वाढला काय?"

"नाही, काकू. मी चहा पीत होतो."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग सुटकेचा श्वास टाकला.

"हव, मग ठीक. जिवाले काही झालं नाही ना? घराचं काय, ते तुमी पाहालच."