हार घातलेला इन्क्युबेटर

खंडेनवमीच्या सकाळी सांगलीच्या लॅबमध्ये पोचले, तर इन्क्युबेटरला झेंडूचा हार होता आणि आत काहीच नव्हतं.

इन्क्युबेटर म्हणजे जंतू वाढवायचं उबदार कपाट. त्यात माझ्या बुरशीच्या प्लेटा होत्या. मालवणच्या खडकावरच्या स्पंजातून काढलेली बुरशी. स्पंज हा समुद्रातला प्राणी. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही. पण त्याच्या अंगात राहणाऱ्या काही बुरशा जंतू मारणारं रसायन तयार करतात. एका प्लेटीत मी माझ्या मामाच्या जखमेतले जंतू पसरले होते. बुरशीभोवती स्वच्छ गोल उरला. तिथे एकही जंतू वाढला नाही.

मामा कडेगावचा, पलटणीतून रिटायर झालेला. पायाची जखम चिघळलेली. रिपोर्टमध्ये प्रत्येक औषधापुढे एकच शब्द: रेझिस्टंट. म्हणजे जंतू औषधाला सरावलेले. सरावणार नाहीत तर काय? दुकानदार चिठ्ठीशिवाय गोळ्या देतो, आपण दोन खाऊन उरलेल्या शेजाऱ्याला देतो. हेच ओरडून सांगत बाजारात पत्रकं वाटली, माझा घसा बसला. लोकांनी त्यात भजी बांधून नेली.

लॅबच्या प्रमुख सरांना प्लेटांचं विचारलं.

"बुरशी आलेल्या प्लेटा काय पूजेला ठेवायच्या? काल सगळं ऑटोक्लेव्ह करायला लावलं."

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकर. त्यातून जिवंत काही बाहेर येत नाही.

"सर, 'टाकू नये' असं लाल लेबल होतं."

"अगं, सणाच्या साफसफाईत लेबलं कोण वाचतं?"

राखीव नमुना फ्रीजमध्ये होता. फ्रीजही रिकामा करून पुसला होता. त्यालाही हार.

मामाला मी पहिल्यापासून सांगत होते, प्लेटीतून औषध यायला वर्षं जातात, तुझ्या पायाला याचा उपयोग नाही. तो मान डोलवायचा आणि पुढच्या भेटीत विचारायचा, "तुजी बुरशी काय म्हंतीया?"

या वेळी सांगावंच लागलं, सणाच्या साफसफाईत ती मारली गेली. पाय गुडघ्याखाली कापायचं ठरलं होतं.

"पलटणीत बी खंडेनवमीला बंदुका पुसायचो आमी, पोरी. पर काडतुसं कुणी भट्टीत टाकली न्हाईत."

पाय कापला. तोवर जंतू रक्तात गेले होते. दिवाळी त्याने बघितली नाही.

मी पुन्हा मालवणला गेले. तोच खडक, तसलाच स्पंज. बुरशा वाढल्या, पण तो गोल एकीभोवतीही दिसला नाही.

यंत्रं जरूर पुजा. आधी उघडून बघा, आत काय जिवंत आहे.

या खंडेनवमीला सरांनी मला विचारलं, इन्क्युबेटर रिकामा करू का? मी म्हटलं, करा. जपण्यासारखं आत काही नव्हतं.