इंटरव्हलपर्यंतच

"बस. इंटरव्हल!" असं म्हणून मावशी उजवा तळवा समोर धरायची. पुढचं हवं असेल तर स्वतः जाऊन सिनेमा बघायचा.

तुमच्याही बिल्डिंगीत सिनेमे सांगणारं कुणीतरी असेल. चारकोपला आमच्या मजल्यावर ही होती, एकटीच राहायची. आयुष्यभर एका थिएटरच्या तिकीटखिडकीत बसली. कुणी "शेवट कसाय?" विचारलं की खिडकीत तळवा यायचा. थिएटर पाडून मॉल झाला, पण तळवा तसाच राहिला.

खालच्या मजल्यावरचे काका मुद्दाम जिन्यातून ओरडायचे, "हिरो मरतो हो!"

"मेल्या, तुझी वाट लागो!" कानात बोटं घालून ही किंचाळायची. संध्याकाळी त्यांनाच चहाला बोलवायची.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. कॉलेजच्या अंकात माझं सिनेमाचं परीक्षण आलं, तेव्हा आईने तो अंक साडीच्या घडीत जपून ठेवला. मावशीला मी ते वाचून दाखवलं.

"छान लिहितेस गं. पण शेवट सांगून टाकलास. एखाद्याला तो कधी मरणार ते सांगशील का?"

मी हसले. ती हसली नाही.

एका दुपारी तिने नवीनच सिनेमा सांगायला घेतला. एकटी राहणारी बाई. शेजारची मुलगी तिच्याकडे येते, तर दार उघडं. पंखा चालू. ओट्यावर दोन कप चहा, एकावर बशी झाकलेली. मुलगी हाक मारते...

"मग?"

तळवा वर. "इंटरव्हल."

"नाव तरी सांग ना सिनेमाचं!"

"कळेल गं तुला."

त्याच आठवड्यात मी तिच्याकडे गेले. दार उघडं होतं. पंखा फिरत होता. ओट्यावर दोन कप, एकावर बशी. बशी उचलली तर वाफ आली. मी "मावशी" म्हणून हाक मारली आणि माझाच आवाज मला आधी ऐकल्यासारखा वाटला.

तिला खूप शोधलं. पोलिसांत कळवलं. शेवटी भाच्याने येऊन खोलीला कुलूप लावलं. तो सिनेमाही मी शोधला. असा सिनेमा कुणीच पाहिलेला नाही. मावशी आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

परवा काका जिन्यात थांबले. आता ते ओरडत नाहीत.

"पोरी, तो शेवटचा सिनेमा तिने मला पुढेही सांगितला होता. इंटरव्हलनंतरचा. त्या बाईचं काय होतं, ते..."

विचारायचं म्हणून मी तोंड उघडलं. पण शेवट कळला नाही तोवर ती कुठेतरी आहे, असं वाटलं. माझा उजवा तळवा आपोआप वर गेला.

काकांनी त्या हाताकडे पाहिलं आणि एक पायरी मागे सरकले.

"इंटरव्हलनंतर," ते हळूच म्हणाले, "पहिलं हेच होतं गं."