दादाच्या चकतीतली रिकामी जागा

आमच्या दादाला घरातली एकही वस्तू टाकवत नाही. बंद पडलेला मिक्सर, पाय मोडलेलं स्टूल, रिकामे खोके, बिनझाकणाच्या बरण्या, सगळ्यांना त्याच्याकडे जन्मभराचा आसरा. बोलायची सोय नाही. "लागेल कधीतरी," एवढंच उत्तर.

बॅटरीतलं पातळ द्रावण पेट घेऊ शकतं, म्हणून त्याच्याऐवजी घट्ट चकती बसवायची, हा प्रयोगशाळेतला त्याचा उद्योग. अडचण अशी की घट्ट चकतीतून लिथियमचे कण सरकता सरकत नाहीत. त्यासाठी दादा पूड दळतो, दाबतो, भट्टीत भाजतो आणि चकतीला तडा गेला की घरी येऊन माझ्यावर डाफरतो.

मांडीचं हाड मोडल्यापासून आई वॉकर घेऊन चालायची. पण तिच्या खोलीपासून पुढच्या खिडकीपर्यंतच्या बोळात दादाचा सगळा पसारा. वॉकर सारखा अडकायचा. शेवटी तिने तो भिंतीला टेकवला आणि अंथरूण धरलं. डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं, रोज चालल्या नाहीत तर पुन्हा उभ्या राहणार नाहीत. मी खोका हलवला की संध्याकाळी तो परत जागेवर. भांडले, तर दादा म्हणाला, "बघतो." त्याचं बघणं मला लहानपणापासून ठाऊक आहे.

परवा स्वारी नाचतच घरी आली. चकती जमली होती! थेट आईच्या पलंगावर बसून सांगायला लागला, "आई, आत नुसती दाटी होती गं. सगळ्या जागा भरलेल्या, मग कण हलणार कुठे? मी थोडं दुसरं मूलद्रव्य मिसळलं, तसे लिथियमचे काही कण कमी झाले. त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि उरलेले त्यांतून भराभर सरकायला लागले!"

"हुशार रे माझं बाळ," आई कौतुकाने म्हणाली. मग भिंतीला टेकलेल्या वॉकरकडे बघून, "मला त्या चकतीत नेऊन ठेवतोस का?"

मला हसू फुटलं. दादाचं तोंड मात्र एवढंसं झालं. तो उठला आणि बोळातले खोके उचलायला लागला. एकेक वस्तू हातात घेऊन घुटमळायचा, मग दाराबाहेर ठेवायचा. एका बरणीपाशी त्याने माझ्याकडे आशेने पाहिलं. मी डोळे वटारले.

संध्याकाळी आई वॉकर टेकत खिडकीकडे निघाली. पाय लटपटत होते. दादा हात पुढे करून तिच्या मागे चालत होता आणि चक्क रडत होता. खिडकीची चौकट धरून आईने वळून पाहिलं.

"आत्ताच काय रडतोस?" ती धापा टाकत म्हणाली. "परत जायचंय अजून."