सेंटर फॉरवर्डची जागा

"सर, ही धुतल्याशिवाय मी घालणार नाही."

शिरीष हे मला म्हणाला नाही. खेळाच्या सरांना म्हणाला. मी त्याच्यासमोर उघडा उभा होतो. हातात लाल जर्सी. त्याला द्यायला हात पुढं केलेला. तो हात तसाच राहिला.

कॉलेजच्या मैदानावर आम्ही बावीस पोरं होतो. मॅच थांबली होती. मागं कोणीतरी हसलं. मी वळून पाहिलं नाही.

सरांनी घड्याळ बघितलं. "जा रे, नळावर धुवून आण. दोन मिनिटांत ये."

मी गेलो.

नळ सायकल स्टँडला लागून होता. मी जर्सी भिजवली, फरशीवर घासली, पिळली. मग पुन्हा भिजवली, पुन्हा पिळली. साबण नव्हता. कोणाला तक्रारीला जागा राहू नये म्हणून मी ती नीट धुतली. हे मुद्दाम लिहितो आहे. कोणी माझा हात धरून धुवायला लावली नव्हती. मी धुतली. आणि चांगली धुतली.

आणून दिली. शिरीषनं ती दोन बोटांनी धरली आणि कुंपणाच्या तारेवर टाकली. "वाळू दे," म्हणाला. आणि स्वतःच्या घरच्या टीशर्टवर खेळायला उतरला. सरांनी शिटी वाजवली. खेळ सुरू झाला. मी पांढरी जर्सी चढवली आणि धावायला लागलो. चेंडू माझ्याकडं आला की मी तो दुसऱ्याला देत होतो. त्या दिवशी मला चेंडू नको होता.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचं घर उत्तर नागपुरात, गिरणीच्या चाळींच्या मागं. बाप गिरणीत. आई घरी विड्या वळायची. छप्पन्न साली दोघांनी दीक्षा घेतली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. बापाच्या खांद्यावर बसून गेलो होतो म्हणतात. मला आठवत नाही. घरातले जुने देव नदीत सोडले, एवढं आई सांगायची.

फुटबॉल मी चाळीमागच्या मोकळ्या जागेत शिकलो. जमीन खडबडीत, मधेच दगड, मधेच खड्डा. चेंडू कुठं उसळेल याचा नेम नाही. म्हणून नजर शेवटपर्यंत चेंडूवर ठेवायची सवय लागली. पाय अनवाणी. बूट मी कॉलेजात आल्यावर पहिल्यांदा घातले, तेही दुसऱ्याचे वापरलेले, पुढं कागद कोंबून. पण बॅकवाल्यांच्या मधून चेंडू कुठं पडणार आहे, हे मला दोन पावलं आधी कळायचं. कसं कळायचं ते सांगता येत नाही. सेंटर फॉरवर्डला हेच लागतं.

दर वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आधी कॉलेजात बारा दिवसांचं शिबिर व्हायचं. रोज सकाळ-संध्याकाळ सराव. त्या वर्षी जुना सेंटर फॉरवर्ड पास होऊन गेला होता. बाकीच्या फॉरवर्डच्या जागा ठरलेल्या. ही एकच मोकळी. तिच्यासाठी आम्ही दोघं, मी आणि शिरीष.

शिरीष रामदासपेठेतला. वडील डॉक्टर, कॉलेजच्या संचालक मंडळावर. पोरगा खेळायचा बरा. खोटं कशाला सांगू. उजवा पाय चांगला होता. डावा नुसता उभं राहायला.

पहिल्या दिवशी सर म्हणाले होते, "सराव सामन्यांत जो जास्त गोल करेल, ती जागा त्याची. वशिला नाही." मी ते खरं मानलं. त्या स्पर्धेला रेल्वेचे लोक खेळाडू बघायला यायचे. आमच्या मोहल्ल्यातला एक जण तसाच रेल्वेत लागला होता. त्याच्या घरावर कौलं आली होती. बाप रोज विचारायचा, "गोल मारला का गा आज?"

सातव्या दिवसापर्यंत, म्हणजे जर्सी धुतली त्या दिवसापर्यंत, मी पाच मारले होते. शिरीषनं दोन.

लाल जर्सी म्हणजे पहिली टीम, पांढरी म्हणजे उरलेले. सर मधेच पोरं बदलायचे. ज्याची जागा बदलली त्यानं जर्सी काढून समोरच्याला द्यायची. सगळ्या जर्स्या सगळ्यांच्या घामानं भिजलेल्या. शिरीषनं त्याच सकाळी लेफ्ट आउटवाल्याची ओलीचिंब जर्सी अंगात घातली होती. नाक मुरडलं नव्हतं.

माझं कसं कळलं, असं कोणी विचारेल. कळायला काही लागत नव्हतं. मागासवर्गीयांच्या शिष्यवृत्तीची यादी नोटीस बोर्डावर लागायची. कॅन्टीनकडं जाणारा प्रत्येक जण ती वाचत जायचा.

संध्याकाळी सरांनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, सकाळचं काही बोलतील. त्यांनी खुर्ची दिली. आवाज मऊ होता.

"हे बघ, फॉरवर्डला डोकं लागतं. तुझ्या पायात जोर आहे. दम आहे. तुम्ही लोक मुळातच कष्टाळू. तू राइट बॅक खेळ. टीममध्ये राहशील, ब्लेझर मिळेल. रेल्वेवाल्यांना मी स्वतः तुझं नाव सांगीन."

"सर, माझे पाच गोल आहेत."

"गोलांचं काय, ते होतात."

मी "बरं सर" म्हणालो. नळावरच्या गोष्टीबद्दल ते काही बोलले नाहीत.

बाहेर हमीद सायकलला टेकून उभा होता. आमचा गोलकीपर, कामठीचा. माझ्याशी जरा बरा होता. म्हणाला, "छोड ना यार. खेलने मिल रहा है ना? मेरी तो जर्सी ही अलग है, गोलकीपर की. किसीने मांगी नहीं आज तक."

तो हसत नव्हता. मी बराच वेळ त्या बोलण्याचा विचार करत सायकल मारली.

घरी आई दारात सूप मांडीवर घेऊन बसली होती. पान कापायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायची. मी तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. बहुतेक तिनं सरांना शिव्या द्याव्यात, एवढंच हवं होतं.

बाप आतून ऐकत होता. तोच आधी बोलला. "बॅक तं बॅक. टीममधी हायेस ना? रेल्वेचं काम होऊन राहिलं तं चूप राय. जर्सी धुतल्यानं हात झिजले नाई."

आईचे हात थांबले होते. आईचे हात बोलताना कधी थांबत नसत.

"काहून धुतली तू?" तिनं विचारलं.

"सरांनी सांगितलं म्हणून."

"सांगतलं कोनी, ते समजलं मले. तू धुतली काहून?"

मी सुपातली पानं सारखी करत राहिलो. तिनं मान खाली घालून पुढची विडी वळायला घेतली. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही. रागानं नाही. मी काही तरी शोधून आणीन आणि तिला सांगीन, अशी ती थांबली होती.

मी शोधलं. पुढचे चार दिवस पांढऱ्या जर्सीत राइट बॅक खेळत मी तेच शोधत होतो. बसमध्ये मी आपोआप मागं का जातो. वर्गात पंख्याखालची जागा रिकामी असली तरी भिंतीशी का बसतो. कोणी "जा रे" म्हटलं की पाय आधी निघतात, डोकं मागून येतं. सर म्हणाले, फॉरवर्डला डोकं लागतं. ते डोकं त्यांनी माझ्याकडून घेतलं नव्हतं. मीच ते बाजूला ठेवून नळावर गेलो होतो. हे कळलं तेव्हा सरांपेक्षा, शिरीषपेक्षा, मला माझी चीड आली.

शेवटच्या दिवशी निवडीचा सामना. प्राचार्य खुर्चीवर, बाजूला शिरीषचे वडील. सरांनी यादी वाचली. सेंटर फॉरवर्ड, शिरीष. राइट बॅक, मी. लाल जर्सी माझ्याकडं फेकली.

मी ती झेलली नाही. खाली पडली.

"उचल."

"मी बॅक खेळणार नाही, सर. माझे गोल जास्त आहेत. ती जागा माझी आहे. द्यायची नसेल तर कारण सांगा. इथं, सगळ्यांसमोर."

आवाज चिरका निघाला. मी मनात म्हणून पाहिलं होतं तसा निघाला नाही. पण निघाला.

"डोकं फिरलं का तुझं? बाहेर हो."

मी बाहेर झालो नाही. मैदानाच्या मधोमध, जिथून खेळ सुरू होतो, तिथं जाऊन उभा राहिलो. पायात कागद कोंबलेले बूट. अंगात घरची बनियन. सर शिटी वाजवत होते. शिरीष चार पावलांवर उभा होता. त्याला काय करावं सुचत नव्हतं. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं नजर काढून घेतली. पाच दिवसांपूर्वी मी काढून घेतली होती.

खेळ सुरू होईना. हमीद गोलात दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता. कोणी मला ओढायला पुढं आलं नाही. कोणी माझ्या बाजूलाही आलं नाही.

मग सरांनी शिपायाला पाठवलं. ते आमच्याच मोहल्ल्यातले. मी त्यांना काका म्हणायचो. खाकी टोपी काढून, मान खाली घालून ते आले. माझा दंड धरला.

"चाल ना गा पोरा," ते हळूच म्हणाले. "लेकरं हायेत घरी. माही नोकरी जाईन."

सरांनी त्यांनाच का पाठवलं, ते मला समजलं. त्यांनाही समजलं होतं. मी दंड सोडवून घेतला नाही. त्यांच्याबरोबर चालत कुंपणापर्यंत गेलो. ते डोळे पुसत होते. मी पुसले नाहीत.

मागं शिटी वाजली. पोरं धावायला लागली.

त्याच आठवड्यात नोटीस लागली. बेशिस्तीबद्दल संघातून काढलं. त्या वर्षी शिरीष खेळला. एक गोलही केला म्हणतात. रेल्वेवाले आले आणि गेले. बाप महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. त्याचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. बत्तीस वर्षं मशीनच्या आवाजात उभं राहिलेल्या माणसाला घरावर कौलं दिसत होती, ती मी उडवून लावली होती.

आईला मी सांगितलं, "मले वाटलं, सांगतलं तं करावंच लागते. म्हणून धुतली."

ती म्हणाली, "आता?"

सोमवारी मी प्राचार्यांना अर्ज लिहायला बसलो. कोणत्या सामन्यात कोणी किती गोल केले ते लिहिलं. मला सेंटर फॉरवर्डची जागा का दिली नाही, याचं कारण लेखी मिळावं, असं लिहिलं. नळावरचं लिहावं की नाही, तिथं अडलो. लाज वाटत होती. पेन उचलून कितीतरी वेळ बसलो. मग लक्षात आलं, ही लाज ज्यांची आहे त्यांना ती वाटतच नाहीये, आणि मी त्यांच्या वाट्याची घेऊन बसलो आहे. लिहिलं. जे शब्द शिरीष बोलला ते लिहिले, सर बोलले ते लिहिले. एक अक्षर वाढवलं नाही.

ऑफिसातल्या बाबूनं अर्ज उभ्यानं वाचला. मग बसून वाचला.

"परत घे," तो म्हणाला. "अजून दोन वर्षं काढायचीत इथं. शिष्यवृत्तीचे फॉर्म याच टेबलावरून जातात, माहीत आहे ना?"

माहीत होतं. मी दोन्ही हात काउंटरवर ठेवले.

"पोच द्या," मी म्हणालो.

"कशाची पोच?"

"अर्ज मिळाल्याची. शिक्का मारून."

"साहेब नाहीत. उद्या ये."

"थांबतो."

थांबलो. काउंटरसमोर, येणाऱ्याजाणाऱ्याला अडचण होईल असा. एकदा तो म्हणाला, बाजूला हो. मी झालो नाही. तिथं उभं असताना माझं ठरलं. माझी जागा दुसरा कोणी ठरवणार असेल, तर त्यानं कारण माझ्या तोंडावर सांगायचं आणि लिहून द्यायचं. नाही दिलं तर मी मागत राहणार. कॉलेजात, ऑफिसात, जिथं असेन तिथं. कोणी दंड धरून बाहेर काढलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार. यात जे जाईल ते जाईल. रेल्वे गेलीच होती.

एक वाजता जेवायला उठण्याआधी बाबूनं शिक्का मारला आणि कागद माझ्याकडं सरकवला. मी तो वाचून पाहिला. मग त्याच काउंटरवर कोरा कागद ठेवला आणि दुसरा अर्ज लिहायला घेतला. विद्यापीठाला.