जिवाभावाची फळी

कारखान्यात तिला सगळे फळीताई म्हणायचे. कृत्रिम पायांच्या कार्बनच्या पात्यांना भोकं पाडण्यात तिची एकवीस वर्षं गेली. हे पातं म्हणजे एकावर एक चिकटवलेले थर. ड्रिल आरपार जाताना खालचे थर ढकलतं आणि ते उकलतात. म्हणून खाली लाकडाची फळी घट्ट दाबून धरायची. "फळी लावलीस का?" हे ती येताजाता इतकं विचारायची, की ही बाई जांभई देतानाही मागे फळी लावत असेल, असं लोक म्हणायचे.

धाकट्या भावाचा पाय अपघातात गेला, तेव्हा त्याच्या पात्याचं भोक तिनेच पाडलं. त्यासाठीही पहिल्या दिवसापासून वापरातली आपली तीच फळी घेतली. ती फळी ती रोज पिशवीतून घरी आणायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. हट्टीच होती ती.

रविवारी सकाळी भाऊ स्वयंपाकघरात येऊन बसला. "ताई, पाय कुरकुरतोय गं. स्क्रू ढिला झाला असेल."

तिने स्क्रू काढला. चमच्याने पातं वाजवून पाहिलं. टण, टण. भोकाजवळ मात्र थप. पुन्हा वाजवलं. थप. खालून थर सुटले होते, फटीत नख जात होतं.

"अरे, फळी तर लावली होती मी!" ती अक्षरशः किंचाळली.

पिशवीतली फळी तिने ओट्यावर पालथी घातली. इतक्या वर्षांची भोकं, सगळी मधोमध. लाकडाची पार चाळण झाली होती. ड्रिल बाहेर पडायच्या जागी आधाराला काहीच उरलं नव्हतं. साऱ्या जगाला फळी विचारणाऱ्या बाईने आपली फळी कधी उलटून पाहिली नव्हती! स्वतःची अशी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

भाऊ घाबरला. "कुणाला सांगू नकोस. नोकरी जाईल तुझी. मी चालेन जपून."

तिने साहेबांचा नंबर लावला.

"तू चालशील रे जपून," ती म्हणाली. "या फळीवर मी लहान मुलांचे पाय केलेत. ती पळतात."