कालची तालीम

बाबांनी दारू सोडून वर्ष होत आलं होतं. हातांचा थरथराट थांबला, जेवण वाढलं, पण डोकं काही जागेवर येईना. जुन्या नाटकांतली पानंच्या पानं तोंडपाठ, अन् सकाळी काय खाल्लं विचारलं तर बिनदिक्कत सांगायचे, "पुरनपोळी." घरात झालेले असायचे पोहे. मी चिडायचे, खोटं कशाला बोलता म्हणून. शेवटी चंद्रपूरच्या डॉक्टरांनी समजावलं: वर्षानुवर्षं दारू पिऊन मेंदू थकतो, त्यात नवं टिकत नाही, अन् रिकाम्या जागा तो आपल्याच मनाने भरतो. माणूस खोटं बोलत नसतो. दारूचा थेंब नको, गोळ्या अन् जेवण वेळेवर. काही परत येईल, किती ते सांगता येत नाही.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं. गावच्या मंडळाने बाबांना मामाचं छोटं काम देऊ केलं. बाबा हरखले. मी मात्र दिग्दर्शकाशी भांडायला गेले.

"नवीन नाटक हाय, भाऊ. त्याईले वाक्य आठवनार नाई, लोकं हासतील."

"मामाचं कामच हासवाचं हाय, बाई. तूच बस पुस्तक धरून."

बसले. दुपारच्या तालमीत, शेंगदाणे खात. वाक्य होतं, "भाचीले सासरी धाडीन, पन रडत नाई धाडीन." बाबा अर्ध्यावर अडले. मी पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी त्यांनी छाती काढून ठोकूनच दिलं, "भाचीले सासरी धाडीन, पन आंधी जावयाले चूल पेटवाले शिकवीन!"

बघायला आलेल्या बायका लोटपोट. दिग्दर्शक म्हणाला, हेच ठेवा. मीही पोट धरून हसले, पण हसण्यात मन नव्हतं. उद्या हेही बाबांच्या डोक्यात राहणार नव्हतं.

सकाळी चहा घेऊन अंगणात गेले, तर बाबांच्या कपाळाला आठ्या.

"काऊन वं, तालमीत कोनी शेंगदाने खाते का? काल तुझं एक वाक्य धड समजलं नाई. म्हनून मले मनचं बोला लागलं."

मी कपबशी धरून उभीच. "मनचं काय बोलले तुम्ही?"

"जावयाले चूल पेटवाले शिकवीन. बायका किती हासल्या. तू विसरली का?"

बाबांच्या तोंडून कालची गोष्ट, अन् तीही खरी, मी वर्षभरात पहिल्यांदा ऐकत होते. लहानपणापासून त्यांची बोलणी खाल्ली, पण इतकं गोड कधी काही लागलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले, "अजून रागवा ना थोडं."