खाली एक मोटारसायकल

बाबांच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, आणि दवाखान्यातून आल्यावर मुलुंडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर ते जे चढले ते उतरेचनात. डॉक्टर सांगून थकले, जिना चढा-उतरा, काही होत नाही. आम्ही म्हटलं की एकच उत्तर, "खाली काय ठेवलंय?"

मला संताप यायचा. ज्या माणसाने आईला मोटारसायकलवर मागे बसवून पावसात घाट चढवले, तो गॅलरीत खुर्ची टाकून कबुतरं हाकलत बसतो! घाबरले होते ते, कळत होतं मला. पण दिवसेंदिवस माणूस आक्रसत चालला होता आणि ते नुसतं बघत राहणं माझ्याच्याने होत नव्हतं.

म्हणून मी जुनी मोटारसायकल घेतली. घरी सांगितलं, अंधेरीच्या ऑफिसला जायला बरी पडेल. मुद्दाम बाबांची होती तशीच शोधली, किकवाली. त्यांच्या गाडीचा एक नियम होता. घरी आलं की मागून उतरणाऱ्या आईने वाकून टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचा. आईने तो कधी चुकवला नाही. रात्री गॅसच्या सिलिंडरचं बटण बंद करते ना, तितक्याच इमानाने.

गाडी बरोब्बर गॅलरीखाली लावली. म्हटलं, घ्या, ठेवलं आता खाली काहीतरी.

रविवार आला की मी पाने, फडकी घेऊन खाली. बाबा वरून बघत. "चेन ढिली आहे," एवढंच म्हणायचे. मी ताणायची. "ऑइल बघ, काळं झालं असेल." बघितलं, डांबरच निघालं. ते बदललं. ब्रेकचे लायनर गॅरेजात बदलून आणले, प्लग घासला, गंजलेला आरसा फेकून नवा लावला. मध्येमध्ये मान वर करून म्हणायची, "बाबा, या ना, दाखवा जरा." वरून उत्तर, "जमतंय की तुला."

जमत होतं, तीच तर पंचाईत! गाडी झकास झाली, एका किकमध्ये सुरू व्हायला लागली, आणि बाबा जिथल्या तिथे. माझ्या सगळ्या बेताची वाट लागली. एकदा तर चिडून मी पाना आपटला नि आईला म्हटलं, "विकून टाकते ही!" आई मेथी निवडत राहिली.

त्यानंतरच्या रविवारी गाडी काढली, जरा वेळ गरम होऊ दिली, फाटकापर्यंत गेले आणि फुस्स. किक मारून मारून घामाघूम झाले. तळमजल्याचे काका पेपर घेऊन बाहेर आले. त्यांची उभी हयात स्कूटरवर गेली. "आडवी कर गं, आडवी! पेट्रोल पोचत नसेल." स्कूटरवाल्या पिढीचं हे एकच औषध. आणि मी शहाणी, केली की आडवी! जड धूड ते, कललं ते कलतच गेलं. गुडघा लावून कशीबशी पेलली. झाकणातून पेट्रोल ठिबकायला लागलं.

"अगं ए! स्कूटर आहे का ती? धर, सोडू नकोस!"

वर पाहिलं तर गॅलरीत नुसती खुर्ची. मग जिन्यात चपला वाजल्या. सावकाश, मध्ये थांबत, पण येत होत्या. काकांनी आणि मी गाडी सरळ केली तोवर बाबा बनियन-लेंग्यात समोर उभे. धाप लागली होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात थेट टाकीखाली गेला.

"कॉक बंद आहे. खालचं होतं तेवढं पेट्रोल जळलं नि थांबली. बंद कशाला केलास?"

"मी नाही! मी कधी हातच लावत नाही त्याला."

"मग काय भुताने केला?" त्यांनी कॉक फिरवला. "मार आता किक."

गाडी सुरू झाली. बाबा मान तिरकी करून बराच वेळ आवाज ऐकत राहिले. मग मागच्या चाकाला अंगठ्याने दाबलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मागे बसले. "हवा कमी आहे. चल, भरून आणू."

मी रडत होते की हसत होते, माझं मलाच सांगता येणार नाही. गाडी मात्र नीट चालवली.

परत आल्यावर बाबा दोनदा थांबून जिना चढले आणि काकांना क्लचबद्दल काही सांगायचं राहिलं म्हणून गॅलरीतून ओरडत बसले. मी स्वयंपाकघरात गेले. आई चहा गाळत होती.

"तू केलास ना गं बंद?"

"सकाळी दूध आणायला उतरले होते तेव्हा," ती म्हणाली. "इतके रविवार तू गाडी नीट करत बसलीस. नीट चालणाऱ्या गाडीपाशी त्यांचं काय काम?"